कूलर द्यायचा, टोमणा नाही

शेजारणीशी माझं बिनसलं ते शेवयांच्या मशीनवरून. मी मागायला गेले तर म्हणाली, "हँडल तुटलं ना त्याचं." दुपारी गच्चीवर बघते तर तेच मशीन तिच्या बहिणीच्या हातात मस्त गरगरतंय! मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे सोडून दिलं असं नाही, संधीची वाट बघत बसले.

संधी लवकरच आली. तिच्या मुलीला बघायला अकोल्याची मंडळी येणार होती आणि आदल्या दिवशी शेजारणीच्याच कूलरची मोटर जळाली. अमरावतीच्या मे महिन्यात पाहुण्यांना कूलरशिवाय बसवायचं म्हणजे जमत आलेलं स्थळ हातानं घालवायचं. ती माझ्याकडे येणार हे नक्की होतं.

मी वाक्य तयार ठेवलं. 'घ्या न बापा! आमच्या घरच्या वस्तू ऐन वेळेवर तुटत नाईत.' मेथी निवडता निवडता वरच्या मजल्यावरच्या काकूंना ते म्हणूनही दाखवलं. काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. यजमान रेल्वेत होते, बदलीवर इकडे आले आणि इथलेच झाले. शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा त्या गॅस पेटवत नाहीत. एरवी त्यांच्या माझ्यात काही फरक नाही, जीभ सोडून.

काकू आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात याला मनाई आहे."

"कशाले? कूलर द्यायले?"

"ऐक तर पोरी. त्यानं काल विळा दिला नाही, म्हणून आज आपण कुऱ्हाड द्यायची नाही, हा झाला सूड. आणि कुऱ्हाड दिली, पण वर ऐकवलं की बघ, मी तुझ्यासारखी नाही, तर ते झालं डूख धरणं. दोन्हींना मनाई. शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती कर, हे आमच्या धर्मग्रंथात लगेच त्याच्या पुढं लिहिलंय."

"बरं, कूलर देतो मी. वाक्य तेवढं राहू द्या."

"वाक्यच तर नाही द्यायचं! आणि ती यायची वाटही बघू नको. शांती आपण होऊन दारात येत नाही, तिच्यामागं धावावं लागतं."

मला रागच आला. यांचं काय जातंय? मशीन काही यांना नाकारलं नव्हतं. पण तो विळा आणि ती कुऱ्हाड काही डोक्यातून जाईना. सकाळी नवऱ्याला हाताशी घेतलं आणि कूलर ढकलत तिच्या दारात नेऊन उभा केला. तिनं दार उघडलं, कूलरकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, "पाणी भरून ठेवा, गवत नवीन हाये." बाकीचं गिळलं. बाळंतपणातला काढासुद्धा इतका कडू लागला नव्हता.

कूलर माझा, तेव्हा पाहुण्यांत मलाही बसवणं तिला भाग पडलं. पोहे झाले, आणि मुलाची आई माझ्याकडे वळली.

"तुमी शेजारच्या ना? सांगा बरं खरं खरं, मानसं कशी हायेत?"

शेजारणीचा चेहरा पडला. चहाचा ट्रे हातात तसाच. वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. अशी संधी देव पुन्हा देत नसतो! मी मुलीकडे पाहिलं. माझ्या नवऱ्याला दिवाळीत चक्कर आली, तेव्हा याच पोरीनं त्याला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. रांगोळी अर्धी टाकून.

मी तेच सांगितलं. वर म्हणाले, "आमचं भांडनबी होते. पन अडल्या वेळेले पयलं दार यांचंच वाजवतो आमी."

मुलाच्या आईनं मान डोलावली आणि आणखी थोडे पोहे मागितले.

संध्याकाळी शेजारीण कूलर परत घेऊन आली. आत येईना, दारातच पदराला हात पुसत उभी राहिली.

"मले लय भेव वाटलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, आता तुमी मशीनचं सांगसान."

"मलेबी तेच भेव होतं," मी म्हटलं.