नळाचं पाणी

माझी गाडी पहिल्यांदा गरम झाली ती शाहूपुरीतल्या सिग्नलवर, भर दुपारी. काटा लाल रेघेच्या वर गेला होता आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न लावले. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन म्हणाला, मावशी, आधी बंद करा, न्हायतर इंजन जातंय. मी बंद केली, उतरले, आणि त्याच्याच मदतीनं गाडी कडेला ढकलली. तेवढ्यात कुणीतरी माझ्या दिराला फोन लावलासुद्धा. आमच्या कोल्हापुरात तुम्ही कुठं अडकलात हे तुमच्या आधी तुमच्या घरी कळतं.

दीर माझ्याहून चार वर्षांनी लहान, शेजारच्याच घरात राहतो. माणूस वाईट नाही. माझे मालक गेले तेव्हा दोन वर्षं त्यानं माझ्या घराकडं बघितलं, ते मी विसरलेले नाही. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, मीही म्हणायची, आणि गाडीच्या बाबतीत तो शब्द शंभर टक्के खरा होता. स्टिअरिंगवर ते, शेजारी दीर, आणि मी मागच्या सीटवर पिशव्यांच्या राशीत. त्यांच्या मागं, सत्तेचाळीसाव्या वर्षी, मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन्स हातात आलं त्या दिवशी दिराच्या घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तेव्हापासून ती गाडी त्याच्या डोळ्यांत खुपत होती.

मंगळवार पेठेतल्या मिस्त्रीनं बघून सांगितलं की थर्मोस्टॅटची हौसिंग गळतीया. हौसिंग म्हणजे इंजिनाला दोन बोल्टनी बसवलेलं मुठीएवढं ॲल्युमिनियमचं तोंड. त्याच्या आत थर्मोस्टॅट नावाची झडप असते आणि तिथून गरम पाणी रेडिएटरकडं जातं. मिस्त्रीनं ते न उघडताच बाहेरून सीलंट थापलं. आठ दिवसांत गाडीखाली पुन्हा तांबूस थेंब. मग तो म्हणाला, आता इंजन उतरवावं लागंल, त्यापेक्षा इकून टाका. हे त्यानं मला सांगितलं नाही, दिराला सांगितलं. मी तिथंच उभी होते.

संध्याकाळपर्यंत दिरानं गिऱ्हाईक शोधलं. कागदावर नाव माझं, पण आमच्या घरात कागद वाचतंय कोण? तेही मी सहन केलं असतं. पण रात्री जेवायला बसलेल्या चार पाहुण्यांसमोर, मी भाकरी वाढत असताना, तो म्हणाला, "दादाच्या हातात धा वर्षं गाडीनं कधी कुरकुर केली न्हाय. वैनीच्या हातात तीन वर्षांत तिची वाट लागली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाकरीची दुरडी खाली ठेवून मी सांगितलं, गाडी मीच नीट करणार. रविवारी पेठ वडगावला आमच्या नणंदेकडं नातवाचं बारसं होतं. मी म्हटलं, तिथवर मी गाडी घेऊन जाते, तुम्ही शेजारी बसा. वाटेत काटा वर गेला तर किल्ली तुमची. नाही गेला तर ह्या घरात परत गाडी विकायचं नाव काढायचं नाही. पाहुणे हसले. दीर म्हणाला, "व्हय, चालंल की." पाहुण्यांसमोर बोललेला शब्द आमच्यात फिरवता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, मोबाइल बॅटरीवर टेकवून एका हिंदी व्हिडिओच्या आधारानं मी हौसिंग उतरवली. खाली परात ठेवली होती. परातीत आलं ते पाणी वीट भिजवल्यासारखं. दीर त्याच्या गॅलरीत चहा पीत उभा राहून उंटावरून शेळ्या हाकत होता. ते हाय ते पाईप धरा, तसं न्हवं, अशानं मोडंल. मी वर बघितलं नाही. जुनी हौसिंग फडक्यात गुंडाळली आणि शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानी गेले.

दुकानदार म्हातारा, निपाणीकडचा. मराठी बोलता बोलता कानडी पेरणारा. काउंटरवर बाई बघून त्यानं आधी गाडीचा ड्रायव्हर कुठाय म्हणून विचारलं. मीच, असं म्हटल्यावर तो अक्का म्हणायला लागला. जुनी हौसिंग उजेडात धरून त्यानं आत बोट घातलं. आतून ती कुरतडल्यासारखी झाली होती. एका कडेला पांढरा थर, दुसऱ्या कडेला इंजिनातून आलेला गंज आणि बुडाला केसाएवढं भोक.

"अक्का, ह्यात पाणी कोण घालत हुतं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यानं समजावून सांगितलं. ह्या इंजिनात कूलंट घालायचं असतं, हिरवं, गंज न धरणारं. इथं कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय. असं तोंड एका वर्षात होत नाही, तीन वर्षांतही नाही.

कोण घालत होतं? दर रविवारी सकाळी मालक बॉनेट उघडून उभे राहायचे आणि हात मागं करायचे. मी त्या हातात तांब्या द्यायची, नळाखाली भरलेला. एकदा कुणी कूलंटचा डबा आणून दिला तर ते म्हणाले होते, आमच्या कोल्हापूरच्या पाण्याला काय झालंय? हे हिरवं सरबत पुण्यावाल्यांना घाला. सगळी गल्ली हसली होती. मीही हसले होते. ते गेल्यावर, ते करायचे म्हणून, मीही तोच तांब्या ओतत राहिले. आमच्या पाण्यावर आमचा एवढा गर्व की ते लोखंडालासुद्धा मानवतं असं आम्हांला वाटायचं.

गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावले. दुकानातल्या स्टुलावर बसून चांगली दहा मिनिटं मनातल्या मनात भांडले त्यांच्याशी. गाडीला हात लावू दिला नाहीत, शिकवलं नाहीत, आणि शिकवलंत ते एवढंच, तेही चुकीचं. वर बोल माझ्या नावावर. डोळे भरून आले ते रागानं की कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

म्हाताऱ्यानं नवी हौसिंग, नवा थर्मोस्टॅट, रबरी रिंग आणि कूलंटचा डबा बांधून दिला. निघताना म्हणाला, "जुनं सगळं खरवडून काढा. आणि बोल्ट आवळायचं न्हाय अक्का, बसवायचं."

मी ऐकलं आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. राग हातात होता. खरवडलं वरवर, सीलंट लावलं दाबून. आमच्याकडं सगळं दाबून. जेवण दाबून, तिखट दाबून, बोलणं दाबून. एक बोल्ट पार दात खाऊन आवळला, मग दुसरा. सकाळी गाडीखाली हिरवा डाग. दिरानं तो माझ्या आधी बघितला होता. फोनवर गिऱ्हाइकाशी तो जरा मोठ्यानं बोलला.

रविवारला दोन दिवस उरले होते. मी पुन्हा उघडलं. ह्या वेळी नुसतं बघत बसले. इंजिनाच्या तोंडावर एका कोपऱ्यात जुन्या गॅस्केटचा, म्हणजे सांध्यातल्या पट्टीचा, खरपुडा तसाच चिकटलेला होता, आणि मी आधी आवळलेल्या बाजूनं हौसिंग दबून दुसरी बाजू उचलली गेली होती. जगाला नावं ठेवत होते आणि गळती माझ्याच हातानं केली होती. हे स्वतःशी कबूल करताना जीभ कडू झाली.

मग मी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधते तसं केलं. एकीकडंच ओढलं तर दुसरीकडून फडकं निसटतं, सगळ्या बाजूंनी थोडं थोडं ओढावं लागतं. बँकेचं मुदत संपलेलं कार्ड घेऊन तो खरपुडा काढला. तासभर गेला. बोट फिरवल्यावर कुठं काही लागेना, तेव्हा थांबले. सीलंट लावलंच नाही, कोरडी रिंग तिच्या खाचेत बसवली. बोल्ट आधी बोटांनी, मग पान्यानं हा पाव फेरा, तो पाव फेरा. हाताला बसल्याचं कळलं आणि हात काढून घेतला. राग असताना हात काढून घेणं मला जन्मात जमलं नव्हतं.

आत नळाचं पाणी दोनतीनदा फिरवून सगळी घाण काढली, तेवढ्यापुरतंच. मग कूलंट भरलं. झाकण उघडं ठेवून, हीटर लावून इंजिन चालू ठेवलं. आतली हवा बुडबुड करत बाहेर आली, थांबली, तशी झाकण लावलं. शनिवारी सकाळी गाडीखाली कोरडी फरशी. मी तिच्यावर हात फिरवून बघितला, दोनदा.

रविवारी दीर शेजारी बसला. शिरोलीचा पूल ओलांडेपर्यंत त्यानं एकदाही रस्त्याकडं बघितलं नाही, नजर काट्याकडंच. हायवेला कामामुळं ट्रॅफिक तुंबलं होतं. मी मुद्दाम एसी लावला. काटा मधल्या रेघेच्या खाली जो बसला तो हलला नाही. वाठारच्या वळणावर दिरानं एकदा डॅशबोर्डवर बोटानं टकटक केलं. मी म्हटलं, काटा चालतोय भावजी, मोडलेला नाही.

नणंदेच्या दारात गाडी थांबवली. उतरल्या उतरल्या दीर वाकला आणि सरळ झाला तो हसतच. गाडीखाली पाणी ठिबकत होतं. मी वाकून बोट लावलं. गार, आणि स्वच्छ.

"एसीचं पाणी हाय हे," मी म्हटलं. "कूलंट हिरवं असतंय."

तरी त्यानं बॉनेट उघडायला लावलं. बॉनेटखालच्या डब्यात कूलंटची पातळी बोटभर खाली गेली होती. आत हवा राहिली असेल तर तेवढं होतं, दुकानदारानं सांगितलं होतं. दिरानं नणंदेला हाक मारून तांब्याभर पाणी मागवलं. ते आलं.

"थोडं घालू या," तो म्हणाला. "दादा जलमभर हेच घालत हुता."

मी डब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. मग डिकीतून फडक्यात गुंडाळलेली जुनी हौसिंग काढून त्याच्या हातात दिली.

"तुमच्या दादानं धा वर्षं घातलं, मी तीन वर्षं. तांब्या दर वेळी मीच भरून दिला. हे दोघांनी मिळून केलंय, माझ्या एकटीच्या नावावर टाकू नका."

त्यानं आत बोट घातलं. गंजाची पूड त्याच्या बोटाला लागली. त्यानं ती अंगठ्यावर घासून बघितली. त्याचा भाऊ त्यालाही देवच होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं, आणि मला त्याची दया आली. बोललेलं मात्र मी मागं घेतलं नाही.

"दादाला कुणी सांगितलं न्हाय," तो म्हणाला.

"सांगितलं हुतं. सगळी गल्ली हसली हुती, तुम्हीबी."

त्यानं हातातल्या तांब्याकडं बघितलं आणि तो तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं. हौसिंग पुन्हा फडक्यात गुंडाळून त्यानंच डिकीत ठेवली. बारसं झालं, जेवणं झाली. पाहुण्यांत गाडीचा विषय निघाला तेव्हा तो ताटाकडं बघत जेवत राहिला.

निघताना तो पुढं गेला आणि सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. हात पुढं केला, किल्लीसाठी. मी किल्ली मुठीत धरून समोर उभी राहिले.

"त्या बाजूनं, भावजी."

तो गाडीला वळसा घालून गेला आणि शेजारी बसला.