सरांचं दुसरं कडवं

एखादी गोष्ट आवडली नाही की सर आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, परत नाकावर चढवायचे आणि मग म्हणायचे, "रिकामे धंदे." पतंग उडवणं रिकामा धंदा, मुलींनी वेणीत फूल माळणं रिकामा धंदा, आणि गाणं-वाजवणं तर सगळ्या रिकाम्या धंद्यांचा बाप. आमच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते तोवर स्नेहसंमेलनात फक्त भाषणं झाली. गणपतीत वाजवायची ढोलकी त्यांनी एकदा कपाटात कुलूप लावून ठेवली, ती उंदरांनीच बाहेर काढली.

तुमच्याही गावात असे एक सर असतील. आठवून पाहा. माणूस वाईट नाही, पण रस्त्याने समोरून आला तर आपण पानठेल्याकडे वळतो.

मी त्यांचाच विद्यार्थी. पेटी वाजवतो. नागपूरच्या पूर्वेला असलेल्या आमच्या गोरेगावच्या आसपास दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि मांडवात दंडार होते, म्हणजे गाणं, नाच आणि सोंगं असलेला आमच्याकडचा खेळ. त्या खेळांत मी साथीला असतो. बाकीच्या दिवसांत घरी शिकवणी घेतो. सर निवृत्त झाल्यावरही बाजारात भेटले की विचारायचे, "अजून तेच का?" मी म्हणायचो, "हो सर, तेच." मग चष्मा निघायचा.

अशा माणसाला एका मंडईत उद्घाटनाला बोलावलं. नारळ फोडला, लांबलचक भाषण केलं, आता निघतील म्हणून पोरांनी त्यांची गाडीही वळवून ठेवली. तेवढ्यात खेळ सुरू झाला. एक म्हातारा शेतकरी, पुढचे दात पडलेला, आईचं सोंग घेऊन उभा राहिला. लेक परदेशी गेला आहे आणि आई उंबऱ्यावर बसून त्याला हाक मारते, असं ते गाणं. पहिल्याच ओळीला माईक बंद पडला. लोक ओरडू लागले. म्हाताऱ्याने माईककडे पाहिलंसुद्धा नाही. तो हळूच गात राहिला. पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या, मग जिलेबीच्या दुकानाजवळची माणसं उठून आत आली. मी त्याच्या पायाशी पेटीवर होतो, म्हणून सर मला समोरच दिसत होते. त्यांचा चष्मा हातात होता आणि तो पुसायचा राहून गेला होता. दुसऱ्या हाताने ते मांडीवर ताल धरत होते. चुकीचा, अर्थात.

गाडी वळवून ठेवलेली तशीच राहिली. सर खेळ संपेपर्यंत उठले नाहीत.

काही दिवसांनी सकाळीच ते माझ्या दारात उभे. आत येण्याआधी त्यांनी माझी पाटी वाचली. 'येथे हार्मोनियम व गायन शिकविल्या जाईल.' म्हणाले, "शिकवले जाईल. शिकविल्या नाही. मी तुला हेच शिकवलं होतं?" मग आत येऊन रुमालाने खुर्ची पुसली, बसले आणि म्हणाले, "मला गायचं आहे. कर सुरू."

'वय हा नुसता आकडा असतो' असं सकाळी सकाळी मोबाईलवर पाठवणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्यापैकी कोणी साठी उलटलेल्या माणसाला सा लावायला शिकवलेलं नसतं. सरांचा सा रोज वेगळ्या जागी असायचा. काल जिथे ठेवला तिथे आज सापडायचा नाही. गळा आयुष्यभर ओरडून खरखरीत झालेला, कान त्याहून कच्चे. आणि विद्यार्थी म्हणून तर विचारू नका. चूक दाखवली की म्हणायचे, "पेटी तपासून घे." शेजारच्या अंगणवाडीतल्या बाई शिकायला यायच्या. त्यांचा आवाज खरंच गोड, पण सरांनी त्यांना गाण्याऐवजी उच्चारांवरून इतकं टोकलं की त्यांनी वेळ बदलून घेतली. माझी बायको एकदा चहा ठेवताना मला म्हणाली, "गळा नाई तं नाई, सभाव तरी आणायचा घरून."

मला ते शिकवणीत नकोसे झाले होते. पण नागा नाही. पाऊस असो, ताप असो, सर हजर. शेवटी एक दिवस मी पेटी मिटली आणि विचारलं, "सर, काऊन? आता कायले पाहिजे तुमाले हे?"

सर नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचे. आमच्या बोलीला त्यांनी शाळेत छड्या मारल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून त्यांच्या आईच्या घरची भाषा बाहेर आली.

"मी जिंदगीभर जोरानं बोललो," ते म्हणाले. "पोट्टे भेत होते. आयकत कोनी नव्हता. अन् तो बुढा हळूच गाऊन रायला होता, माईक नाई, दात नाई, तरी सारे आयकून रायले होते. मले एकदा तसं करून पाहाचं हाय."

मी पेटी परत उघडली.

पण पुढच्या मंडईत गाणार म्हणाले तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. सरांनी माझी परवानगी मागितली नव्हतीच. ते थेट आपल्या गावच्या मंडळाकडे गेले आणि दंडारीच्या आधी आपलं एक गाणं ठरवून आले. मंडळातले सगळे त्यांचे विद्यार्थी. सरांना नाही म्हणायची कोणाला सवय नव्हती. साथीला मी.

दुपारची वेळ, मांडव गच्च. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी तेच आईचं गाणं निवडलं होतं. मी सूर दिला, ते दुसऱ्याच सुरात सुरू झाले. मी पेटीवर त्यांच्या मागे धावलो, तिथे पोचलो तर ते आणखी पुढे निघून गेलेले. पहिलं कडवं संपेपर्यंत लोक तोंडावर दुपट्टे धरून हसत होते. मग दुपट्टेही सुटले. मागून कोणीतरी, त्यांच्याच हातचा मार खाल्लेला असणार, मोठ्याने म्हणाला, "सर, रिकामे धंदे सोडा, खाली बसा."

मांडव फुटला हसून. त्या हसणाऱ्यांकडे मी पाहिलं. सरपंच, किराणावाले, पोलीस झालेला एक जण. यांच्यातल्या एकानेही, आपल्याला येत नाही अशी गोष्ट चार लोकांसमोर कधी केली नसेल. सरांबद्दल माझं मत काही चांगलं नव्हतं, पण त्या घटकेला मांडवाबद्दल त्याहून वाईट झालं.

सर थांबले. त्यांनी चष्मा काढला. जुन्या सवयीने अख्खा मांडव एकदम चूप झाला, आता शिव्या पडणार म्हणून. सर आवाज न चढवता म्हणाले, "दुसरं कडवं बाकी हाय."

आणि त्यांनी ते म्हटलं.

इथे सूर लागला, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही लागला. दुसरं कडवं पहिल्याहून वाईट झालं. पण ते त्यांनी हळू म्हटलं, शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही. काही जण उठून बाहेरच्या आकाशपाळण्याकडे गेले. बाकीचे बसून राहिले. ऐकत होते की ओशाळले होते, मला सांगता येणार नाही.

कोणीतरी मोबाईलवर काढलेला तो व्हिडिओ हसऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांसह तालुकाभर फिरला. नागपूरला असलेल्या सरांच्या मुलापर्यंत पोचला. त्याने फोन करून वडिलांना झापलं, लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही म्हणाला. सर मला हे सांगताना वैतागलेले होते, पण गाण्यावरून नाही. "ऐकून घेत नाही पूर्ण," म्हणाले. "मधेच बोलतो. मी त्याला असं वळण लावलं नव्हतं." मला हसू आलं. मुलाला वळण अगदी तेच लागलं होतं.

त्यानंतर सर शिकवणीला यायचे बंद झाले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. अंगणवाडीच्या बाई आपल्या जुन्या वेळेला परत आल्या.

मग कळलं की चिचगडकडच्या एका दंडार पार्टीने त्यांना घेतलं आहे. मागे उभं राहून झांज वाजवायची आणि सगळ्यांबरोबर धृपद म्हणायचं, एवढंच काम. पार्टीतला एक ओळखीचा ढोलकीवाला मला बाजारात भेटला. म्हणाला, बुढा तालाला कच्चा आहे, पोरांचे उच्चार सुधारत बसतो, ते कोणी मागितलेलं नाही, पण पार्टीला कोणी नावं ठेवली की अंगावर धावून जातो. "ठेवून रायलो," तो म्हणाला. "आमच्यासंगं भाकर खाते, आमच्यासंगं झोपते. आता कुठं सोडाचं?"

या हंगामात मी बसने देवरीला निघालो होतो. कोहमाऱ्याच्या चौकात बस थांबली. समोरच्या ढाब्यापाशी एक पिकअप उभी होती. मागे पेट्या, गुंडाळलेले पडदे आणि त्यांवर बसलेली दहा-बारा माणसं. त्यांच्यात सर. इस्त्रीचा शर्ट गेला होता, डोक्याला दुपट्टा बांधला होता, दाढी वाढलेली. सगळे मिळून काहीतरी गात होते. सरांची मान मागे गेली होती, डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं. शेजारचा माणूस त्यांच्या मांडीवर थाप मारून ताल दाखवत होता.

मी खिडकीची काच सरकवायला गेलो. ती जाम झाली होती. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं, बाजूने ट्रक जात होते, आणि सर बेसूर होते की सुरात, ते मला काही केल्या ऐकू येईना. दोन्ही हातांनी जोर लावून मी ती काच ओढत होतो, तोवर बस सुटली.