बैलाच्या बोलीवर मोटर

"बैल असो का मोटर असो, भाईदासशेठ, तीन दिस माह्या दाराशी ऱ्हाईन. घर ते मळा, रोज जाईन-येईन. अडली तं परत. मंजूर असंन तं हात द्या."

"अरे कौतिकभाऊ, बैल घेता का मोटर?" भाईदास दलाल पोट धरून हसला. "हिले दात थोडेच हायेत पाहाले?"

"दात नसले तं नसले. पाय तं हायेत ना चार?"

बुऱ्हानपूरच्या राजघाटावरची सारी मंडळी खिदळली. भाईदासानं खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला, आत बोटं दाबली गेली आणि फोपनार गावच्या कौतिक महाजनानं मोटर घेतली.

मोटर अशीतशी नव्हती. पलीकडच्या मुलखातल्या एका राजानं ती विलायतेहून मागवलेली. पण ती बंदरात उतरेस्तोवर त्याचं संस्थानच देशात विलीन झालं. राजाला आता मोटर नको होती, मिळेल तेवढी रोकड पाहिजे होती. सायीच्या रंगाची, लांबलचक, आत मखमलीची बैठक. बुऱ्हानपुरात तिच्याभोवती हत्तीभोवती जमते तशी गर्दी.

कौतिक खरा गेला होता ऑइल इंजिन बघायला. त्याच्या मोटेचा बैल चांद्या म्हातारा झाला होता, विहिरीच्या उतरत्या धावेवर मोट ओढताना त्याचा गुडघा थरथरायचा. ऐन चैत्रात तो बसला असता तर केळीचा बाग उभ्यानं वाळला असता. इंजिनासाठी दोन सालं पैसे साठवून ठेवलेले, ते घेऊनच कौतिक निघाला. वाटेत मोटर बघायला थांबला, एवढीच त्याची चूक. गर्दीतून गावचाच सुपडू बोलला, "बाजू सरक रे कौतिक. तुह्या धोतराचा केळीचा चीक लागीन राजाच्या मोटरीले."

बस. डोक्यात तिडीक गेली. इंजिन राहिलं बुऱ्हानपुरात, कौतिक आला मखमलीवर बसून.

रंभाबाई, त्याची बायको, अंगण शेणानं सारवत होती. तिनं मोटरीभोवती एक फेरी मारली, हात लावला नाही. "पानी काढीन का हे?" एवढंच विचारलं आणि परत सारवायला बसली.

कौतिकला ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. पण आता करायचं काय? त्याच्या बापानं सारी हयात बैलबाजारात तोंडी सौदे केले. रुमालाखाली दिलेला हात महाजनाच्या घरात कोणी मागं घेतला नव्हता. सुटायची फट एकच. तीन दिवसांत मोटर अडायला पाहिजे, नाहीतर इंजिनाचा पैसा शेठच्या खिशात.

पहिल्या दिवशी मोटर लोण्यावरून गेल्यासारखी मळ्यात गेली अन् आली. भाईदास स्वतः हाकत होता. दुसऱ्याच्या जनावराचं वाईट चिंतू नये हे कौतिकला कळत होतं, तरी दर खड्ड्याशी त्याचा जीव आशेनं वर यायचा. मोटर हूं की चूं करत नव्हती. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बसायला आलं. भाईदासानं सगळ्यांना फिरवलं, कौतिकला शेजारी धरून. मोट हाकणारा माणूसच मखमलीवर बसलेला, तेव्हा मोट दोन दिवस विहिरीत कोरडी लोंबत राहिली. केळीची पानं कान पाडून उभी.

तिसऱ्या दिवशी पहाटे रंभाबाईनं कोणाला विचारलं नाही. सालदार देवरामला घेऊन तिनं बैल जुंपले आणि दोन दिवसांचं पाणी एका सकाळीत ओढायला लावलं. पाट बिचारा एका दिवसाच्या पाण्याचा. वळणावर फुटला आणि सगळा लोंढा गाडवाटेत शिरला. काळी माती, वरून पाणी.

तेवढ्यात मोटर आली. पुढची चाकं गेली, मागची गेली, मग मोटरीचं पोटच जमिनीला टेकलं. भाईदासानं जोर लावला तशी चाकं जागच्या जागी फिरली. राजाच्या मोटरीचा रंग बुडापासून टपापर्यंत म्हशीचा झाला.

"पानी सोडलं तुमी!" भाईदास ओरडला.

"मंग केळीले तहानेलं ठेवू?" धावेवरून रंभाबाई म्हणाली. "तुमची मोटर पेट्रोल पेते, आमची केळ पानी पेते."

मोटर अडली होती, कौतिक सुटला होता. पण बापाचा हात आठवला आणि तोंडून निघूनच गेलं, "शेठ, पाट आमचाच फुटला. तुमी म्हनसान तं हा दिस नका धरू."

रंभाबाईनं कपाळाला हात लावला.

भाईदास चिखलात उतरला. मोटरीकडे पाहिलं, आपल्या पंपशूकडे पाहिलं, अन् हसायला लागला. "माहा बाप बी बैलच इकायचा, कौतिकभाऊ. अडला तो अडला. पानी कोनी सोडलं हे बैलाले कोनी पुसत नही. अन् तिकडं एक कापसाचा जिनवाला शेठ दोन दिसापासून मोटरीसाठी निरोप धाडून ऱ्हायला. पक्क्या सडकेवर ऱ्हातो तो." त्यानं रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आतली पकड सोडून दिली.

कौतिकनं असा श्वास सोडला की शेजारच्या केळीचं पान हललं असतं.

मोटर काढायला चांद्या अन् त्याचा जोडीदारच जुंपावे लागले. चांद्याचा गुडघा थरथरला, पण मोटर निघाली. भाईदास म्हणाला, "हा बैल इकता का?"

"याले दात नहीत," कौतिक म्हणाला.

धुवून पुसून मोटर गेली. बांधावरून सुपडूनं हाळी दिली, "काय कौतिक, गेली का रे राजाची रानी?"

"गेली. सोमवारी इंजिन आनतो."

"ते बी अडीन एखाद्या दिशी."

"अडू दे. त्याले मळ्यातच ऱ्हायाचं हाये."

"गप्पा मारसान का उरलेल्या ओळी भिजवसान?" रंभाबाईनं कासरा त्याच्या हातात कोंबला आणि फुटलेल्या पाटाला माती लावायला गेली. कौतिकनं धोतराचा काचा मारला, चांद्याच्या पाठीवर थाप दिली आणि मोटेच्या नाड्यावर बसून धाव उतरू लागला. मोट वर आली, विहिरीच्या काठच्या थारोळ्यात भडाभडा रिकामी झाली.