दादा, आई, समुद्र आणि माझे दोन पाय

आमच्या राहात्यापासून समुद्र फार लांब आहे, आणि ते योग्यच आहे.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरची. ऊस कारखान्याला गेला, हात रिकामे झाले आणि अलिबागला राहणाऱ्या साडूंनी बोलावलं. म्हणून दादा (म्हणजे माझे वडील), आई, माझी बायको सुमन आणि मी एसटीत बसलो. दादांनी बरोबर ट्रॅक्टरची ट्यूब घेतली होती. (आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकतात ते हिच्यावरच.)

"आजोबा, ट्रॅक्टर कुठाय?" कंडक्टरनं विचारलं.

"रानात," दादा म्हणाले.

पहिल्याच दिवशी दादांनी समुद्रात धावत जाऊन विहिरीत मारतात तसा दणदणीत मुटका मारला. पाणी घोटाभर होतं! संध्याकाळपर्यंत ते चालताना कण्हत होते आणि कानातून वाळू काढत होते.

पण माणूस चिवट. रोज सकाळ-संध्याकाळ ट्यूब घेऊन लाटांवर हजर! दोन-तीन दिवसांत त्यांनी तंत्र बसवलं. ट्यूबवर पालथं पडायचं, मान वळवून लाटेवर नजर ठेवायची, तिनं उचललं की दोन हात मारायचे, की सुळ्ळकन किनाऱ्यावर!

"लाटंशी भांडायचं न्हाई, तिच्यासंगं जायचं," असं ते साडूंना शिकवायचे. साडूंचा जन्म अलिबागचा.

माझी मात्र एकच इच्छा होती. आई-दादांचा जोडीनं काढलेला एकही फोटो घरात नव्हता. तो समुद्रात काढायचा! साडूंनी त्यांचा बॉक्स कॅमेरा दिला. "शेवटचा एकच फोटो उरलाय हं! आणि पाणी लागता कामा नये."

दोघांना गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि किनाऱ्यावरून ओरडलो, "इकडं तोंड करा!"

"समुद्र म्हंजे देव हाय," दादा तिकडेच बघत म्हणाले. "देवाला पाठ दावायची न्हाई."

"अहो दादा, मग ट्यूबवरून येताना काय असतं?" मी विचारलं.

"तवा मी आडवा असतो. आडव्या मान्साला पाठ नसती."

आईनंही मान डोलावली. आता मागून फोटो काढायचा म्हणजे एक धोतर आणि एक पदर! तेव्हा मला (माझ्या मते) अफलातून युक्ती सुचली. मीच समुद्रात शिरलो, त्यांच्या पुढे जाऊन वळलो आणि कॅमेरा रोखला.

"अहो, मागं बघा..." किनाऱ्यावरून सुमन.

"तू मधे बोलू नको! आई, दादा, हलायचं नाही. बोलायचं नाही. श्वास रोखा!" राहात्याचा फोटोवाला असंच दरडावतो.

दोघांनी श्वास रोखला. डोळे मात्र मोठे मोठे होत गेले. वाटलं, वा, काय भाव आलेत! ते माझ्या मागची लाट बघत होते; पण बोलायचं नाही असं लेकानंच बजावलेलं!

पुढचं मला नीटसं दिसलं नाही. आभाळ, वाळू, पुन्हा आभाळ. कॅमेऱ्याचा हात तेवढा मी वर धरून ठेवला होता. आई-दादांच्या मधून गडगडत मी थेट सुमनच्या पायाशी पोचलो. तिनं आधी माझ्या हातातला कॅमेरा उचलला. मला दुसऱ्या लाटेनं उलटं केलं.

"आरं, ह्यो तर ट्यूबबिगर आला!" दादा वळून म्हणाले, आणि आईला असं हसू फुटलं की तिनं त्यांचा दंडच धरला. त्या दोघांना असं हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हाही पाहिलं नाही. माझं डोकं पाण्यात होतं. पण सुमननं खटका दाबला.

फोटो सुंदर आलाय. दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडे, मागे समुद्र, पुढे फेसातून वर आलेले माझे दोन पाय.

"शेवटी देवाला पाठ दाखवलीच की!" मी दादांना म्हणालो.

"न्हाई. लेकाकडं तोंड केलं," दादा म्हणाले.

आईनं तो फोटो मढवून देवांच्या तसबिरींशेजारी लावला. समुद्र देव आहे ना! रोज सकाळी त्याला हळदकुंकू लागतं. आईची नजर अधू, हात तेवढाच पोचतो, त्यामुळे ते नेमकं खालच्या बाजूला लागतं. सगळ्या राहात्यात जिवंतपणी ज्याच्या पायांची रोज पूजा होते, असा महापुरुष मी एकटाच!