सातही गोल पलीकडच्या टोकाला

मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याचा गुणफलक होता, त्या काळात त्या फलकामागे एक जिवंत माणूस बसलेला असतो हे फारसं कुणाच्या ध्यानातही नसायचं. गोल झाला की एक पाटी निघायची, दुसरी लागायची, लोक बोंबलायचे, टोप्या उडवायचे. पाटी लावणाऱ्या हाताला कुणी टाळी दिल्याचं ऐकिवात नाही. तो हात पाटीवाल्याचा. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं. पुढे विजेचा फलक आला, आकडे आपोआप बदलायला लागले आणि पाटीवाला घरी बसला. आता तो चौऱ्याहत्तरचा आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहतो. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी लांब, दिल्या घरी सुखी. तिचा फोन बुधवारी येतो आणि पाच मिनिटांत ‘जेवलात का’ पासून ‘ठेवते हं’ पर्यंत सगळं उरकतं.

पाटीवाल्याच्या नोकरीत एक गंमत होती. फलकाच्या दोन पाट्यांमध्ये वीतभर फट होती. त्या फटीतून अलीकडचं अर्धं मैदान झकास दिसायचं, अगदी गोलकीपरच्या मोज्यांची भोकंसुद्धा. पलीकडचं अर्धं मात्र फलकाच्या जाड खांबाआड. बाहेर डोकं काढावं, तर साहेबांची सक्त ताकीद: मॅच चालू असताना फलकातून मुंडकं डोकावता कामा नये. मग पलीकडे गोल झाला की टेबलापाशी बसलेला अधिकारी घंटा वाजवायचा. एक टोला म्हणजे आपला, दोन टोले म्हणजे पाहुण्यांचा. टोले ऐकायचे, पाटी बदलायची. गोल कसा झाला, कुणी मारला, देवाला ठाऊक.

देवाला आणि वस्तऱ्याला.

वस्तरा म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. हातातल्या वस्तऱ्यापेक्षा जिभेची धार जास्त म्हणून हे नाव. तो पलीकडच्या टोकाला, गोलाच्या अगदी मागे, पायऱ्यांवर बसायचा. रविवारी सकाळी पाटीवाला दाढीला गेला की वस्तरा त्याच्या तोंडाला फेस फासायचा आणि उरलेल्या फेसात बोट बुडवून आरशावर मॅच काढायचा. हा टिपका आपला, ही रेघ चेंडूची, हा गोल. अलीकडची अर्धी मॅच पाटीवाल्याची, पलीकडची अर्धी वस्तऱ्याची. दोघांची मिळून एक. बाकीची गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत बसायची. कुणी कुरकुरला तर वस्तरा म्हणायचा, “घाई असेल तर घरी जाऊन ब्लेड लाव. इथं मॅच चालू आहे.”

भांडण मात्र ठरलेलं. क्लबचा आजवरचा सगळ्यात भारी संघ कोणता?

पाटीवाला रबरवाल्यांचा. सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा तो संघ. अकरातले सात जण रबराच्या कारखान्यात कामाला, पाळी संपवून तशाच काळ्या हातांनी सरावाला यायचे. वस्तरा चांदीवाल्यांचा. ते बारा वर्षांनी आले आणि लागोपाठ तीन वर्षं चांदीचा करंडक घेऊन आले.

“तीन करंडक, पाट्या. तीन! तुझ्या रबरवाल्यांनी काय आणलं? सायकलच्या ट्यूबा?”

“चांदीवाल्यांना बूट नवे, डॉक्टर दिमतीला. आमचा दरवाजा फाटक्या हातमोज्यांनी उभा राहायचा.” दरवाजा म्हणजे रबरवाल्यांचा गोलकीपर.

“उघडाच असायचा तो दरवाजा. पहिल्या अर्ध्यात तीन गोल खाल्ले की.”

“आणि दुसऱ्या अर्ध्यात चार मारले! शून्य-तीनवरून चार-तीन! मारून दाखव म्हणावं तुझ्या चांदीच्या बाहुल्यांना!”

इथं आलं की वस्तरा हातातला वस्तरा थांबवायचा. “मान हलवू नकोस, कापेल. हां, तो चौथा गोल मात्र... तो मात्र मानला.” आणि सतराशे साठव्यांदा तो आरशावर काढायचा. डावीकडचा टपाल, म्हणजे रबरवाल्यांचा तो कधी न थांबणारा पोरगेला खेळाडू, मधल्या रेषेवरून निघाला. एक गेला, दोन गेले, तिसरा तर बसलाच. गोलकीपर आडवा. आणि टपाल गोलरेषेवर चेंडू थांबवून उभा राहिला, मागं वळला, आणि टाचेनं हलकेच आत. वस्तऱ्याचं बोट आरशावर थांबायचं, पाटीवाल्याचा श्वास थांबायचा, आणि मग एक छोटासा फटकारा. टाच!

त्या मॅचचे सातही गोल पलीकडच्या टोकाला झाले. पाटीवाल्यानं एकही पाहिला नाही. त्यानं पाहिला तो दरवाजा. दुसऱ्या अर्ध्यात अलीकडच्या गोलात एकटा उभा. चौथ्या वेळी घंटेचा टोला पडायच्या आतच दरवाजा गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही फाटके हातमोजे तोंडावर घेतले. पाटीवाल्याकडे त्या मॅचची स्वतःची मिळकत एवढीच. बाकी सगळी आरशावरची.

वस्तरा आठ महिन्यांपूर्वी गेला. झोपेत गेला, कुणाला त्रास नाही, बडबड नाही. “जन्मात पहिल्यांदा गप्प राहून काम केलं यांनी,” असं त्याची बायको रडता रडता म्हणाली होती. सलूनचं शटर खाली आलं. पाटीवाला आता घरीच दाढी करतो, आठवड्यातून दोनदा कापून घेतो. एका रविवारी त्यानं आपल्या आरशावर फेसाचं बोट टेकवलं खरं, पण पुढे काय काढायचं ते सुचेना. आपणच बोलायचं आणि आपणच ‘हट्’ म्हणायचं, यात काय राम? बोट धुऊन टाकलं.

अशात क्लबचा नवा चिटणीस जिना चढून आला. वय तिशीचं, बोलणं गोड.

“काका, मैदानाची भिंत नवी बांधलीय. तिच्यावर क्लबचा सर्वांत महान संघ रंगवायचा आहे. अकराच्या अकरा, माणसाएवढे. शनिवारी चार वाजता सभा आहे, मतदान होईल. रबरवाल्यांना प्रत्यक्ष पाहिलेले तुम्ही एकटेच उरलात.”

“एकटाच?”

“बाकी सगळे... म्हणजे, नाहीत आता. पोरांनी तो चार-तीनचा किस्सा ऐकलाय, पण म्हणतात, कुणी बघितलेलं असेल तर मानू. तुम्ही सांगितलंत तर पारडं फिरेल.”

चिटणीस गेला आणि पाटीवाल्याच्या अंगात वारं शिरलं. रबरवाले भिंतीवर! तीसेक वर्षांच्या भांडणाचा निकाल, आणि तोही आपल्या बाजूनं. फक्त पुरावा हवा. वस्तऱ्याकडे जुनी कात्रणं होती, एखादा फोटो असेल, म्हणून तो वहिनींकडे गेला.

वहिनींनी चहा टाकला. सलूनची खुर्ची आता घराच्या व्हरांड्यात होती, तिच्यावर वाळलेल्या कपड्यांची चळत. कात्रणांचा डबा निघाला, पण त्यात सगळे चांदीवाले.

“चार-तीनची मॅच हो, वहिनी. वस्तरा गोलाच्या मागेच बसला होता त्या दिवशी.”

“कुठली? थोरली झाली त्या दिवशीची?” वहिनी हसल्या. “भावजी, त्या दिवशी हे कुठले मैदानात? सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसून होते. थोरली संध्याकाळी सहाला झाली. यांचं तोंड पाहण्यासारखं होतं, एका डोळ्यात पोरीचा आनंद आणि दुसऱ्यात मॅच चुकल्याचं दुःख.”

पाटीवाल्यानं बशी खाली ठेवली.

“मग तो गोल?”

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “आता काय, दोघांतले एक गेले. सांगते. दुसऱ्या दिवशी हे गावभर विचारत फिरले. जो तो वेगळंच सांगे. शेवटी पायऱ्यांवरचा फुगेवाला म्हणाला, कसला गोल नि कसलं काय, गर्दी झाली, कुणाच्या तरी ढोपराला लागला आणि गेला आत. हे घरी आले आणि डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, उद्या रविवार, पाट्या येणार. बिचाऱ्यानं एकही गोल पाहिला नाही. त्याला काय सांगू, ढोपर?”

“मग?”

“मग काय. मी बाळंतिणीच्या खाटेवर आणि हे आरशावर फेसाची चित्रं काढतायत. एक काढलं, पुसलं. दुसरं काढलं, पुसलं. मी म्हटलं, अहो, पोरगी बघा तरी! तर म्हणतात, थांब गं, टाचेनं मारू की डोक्यानं?”

पाटीवाला हसला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि वहिनींनी पाणी आणलं. पाणी पिऊनही ठसका काही जाईना.

घरी जाताना तो एकाच गोष्टीपाशी अडकून राहिला. इतक्या वर्षांत वस्तऱ्याला एका शब्दात त्याची बोलती बंद करता आली असती. ढोपर. भांडण ऐन रंगात असताना, मुद्दे संपल्यावर, चिडलेला असताना, एकदा दोघं महिनाभर बोलत नव्हते तेव्हासुद्धा. एक शब्द, आणि रबरवाले भुईसपाट. पण तो शब्द त्यानं गिळला, आणि वर दर वेळी आपल्याच विरोधकाच्या संघाचा गोल आणखी सुबक करून दाखवला.

शनिवारी क्लबच्या खोलीत वीसेक जण होते. बहुतेक चाळिशीच्या आतले. चिटणिसानं ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. पाटी बदलणाऱ्या हाताला पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं.

“काका, तो चौथा गोल तुम्ही डोळ्यांनी पाहिलात ना?”

हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणून ढोपर सांगावं तर वस्तरा खोटा ठरतो, आणि तो उलट उत्तर द्यायला इथं नाही.

“मी पाहिला नाही,” पाटीवाला म्हणाला. “मी फलकामागे होतो. मला पलीकडचं दिसायचं नाही. पाटी तेवढी मी लावली.”

कुजबुज झाली. चिटणीस ओशाळला. “मग रबरवाल्यांच्या बाजूनं आणखी काही...?”

पाटीवाल्यानं खोलीभर नजर फिरवली. चांदीवाल्यांच्या बाजूनं उभा राहायला त्यांना पाहिलेला एकही म्हातारा नव्हता. वस्तरा तर नव्हताच. आणि त्याच्या तोंडून वस्तरा बोलायला लागला.

“रबरवाल्यांनी काय आणलं, सायकलच्या ट्यूबा? तीन करंडक आणले चांदीवाल्यांनी. लागोपाठ तीन! मधल्या फळीतला तो लंगड्या, अर्ध्या पायानं खेळायचा, पण पास असा द्यायचा की चेंडूवर पत्ता लिहिलाय जणू. आणि रबरवाल्यांचा दरवाजा? उघडाच असायचा!”

पोरं हसली. तो थांबला. आता कुणीतरी उठेल, टेबलावर हात आपटेल, म्हणेल, हट्, पाट्या, तुला काय डोंबल कळतं? चार-तीन विसरलास? तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

“पटलं बुवा,” मागून कुणीतरी म्हणालं.

हात वर झाले. चांदीवाले, एकमतानं. मग बिस्किटं आली, कुणीतरी मोबाइल काढला, आणि लोक पार्किंगविषयी बोलायला लागले.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, तो भिंत बघायला गेला. रंगारी शिडीवर होता. आठ चांदीवाले उभे राहिले होते, नवव्याचं डोकं नव्हतं अजून.

“छान काढलंयस,” पाटीवाला म्हणाला.

“फोटो दिला, काढलं,” रंगारी म्हणाला. “आपल्याला फुटबॉल कळत नाही.”

पाटीवाला शिडीच्या पायथ्याशी आला. मग त्यानं आवाज चढवला, अगदी सलूनमध्ये चढवायचा तसा.

“यांच्यापेक्षा रबरवाले भारी होते! पार धुऊन काढलं असतं यांना!”

रंगाऱ्यानं कुंचला डब्याच्या काठावर निथळला.

“असतील,” तो म्हणाला. “काका, तेवढा निळा डबा वर देता का?”

पाटीवाल्यानं डबा उचलून दिला.