तारांसकट फॅमिली डॉक्टरांकडे

चेन्नईत एग्मोरला आमच्या गल्लीत जे फॅमिली डॉक्टर आहेत, त्यांच्यावर माझा तीस वर्षांचा विश्वास. सर्दी, जुलाब, मुलीच्या कांजिण्या, सगळं त्यांनीच निस्तरलं. पण माझ्या छातीत धडधडायला लागलं, तेव्हा त्यांनी नुसतं पोट दाबून सांगितलं, "गॅस आहे, सर. रात्रीची कॉफी बंद करा." माझं डोकंच फिरलं. एवढी मेली धडधड, आणि हा माणूस तिला गॅस म्हणतो? मी रेल्वेतून अधिकारी म्हणून रिटायर झालेला. माझ्या हृदयाला निदान लिफ्ट असलेलं हॉस्पिटल तरी हवं.

म्हणून फक्त बायकोला सांगून गुपचूप हार्ट स्पेशालिस्टकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे एकदाही न बघता छातीवर चकत्यांनी तारा चिकटवायला लावल्या आणि कमरेला छोटं मशीन अडकवलं. चोवीस तास ठोक्यांची नोंद होणार. कधी काय केलं ते कागदावर लिहायचं आणि रोजच्यासारखं वागायचं. बघतसुद्धा नाहीत म्हणजे फारच मोठे डॉक्टर असणार, म्हणून मी खूश. धास्ती एकच होती, आमच्या डॉक्टरांना हे कळता कामा नये. ते दुखावले, तर पुन्हा कुठल्या तोंडानं जायचं त्यांच्याकडे?

त्याच संध्याकाळी बायकोचा खोकला वाढला. मी म्हटलं, तू एकटीच जा.

"रोजच्यासारखं वागा म्हणालेत ना? दर वेळी येता की माझ्याबरोबर. चला."

आता आमच्या डॉक्टरांना एक खोड आहे. पेशंटसोबत आलेल्यालाही ते सोडत नाहीत. बीपी बघतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात. घाबरण्याच्या नादात मी हे साफ विसरलो. बायकोचं झाल्यावर ते म्हणाले, "या सर, बसा." मी म्हटलं, नको, आज आंघोळ केलेली नाही. तोवर त्यांनी माझ्या शर्टाची दोन बटणं काढलीसुद्धा.

आत सगळ्या तारा. बायको भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. ते तमिळ होतं, आणि तिला तमिळ वाचता येत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी चष्मा सावरला. वाकून नीट बघितलं. "ही एक सुटलीय, सर. रेकॉर्डिंग बरोबर येणार नाही." कापसानं माझा घाम पुसून त्यांनी ती चकती दाबून बसवली, वरून पट्टी लावली. मग घड्याळ बघून म्हणाले, "कागदावर लिहा. सव्वासहा, फॅमिली डॉक्टरकडे." मी मुकाट्यानं लिहिलं.

दोन दिवसांनी स्पेशालिस्टनी रिपोर्ट चाळला. "सगळं नॉर्मल आहे. गॅस असेल. पण हे सव्वासहाला ठोके एवढे का वाढले? काय केलं तुमच्या डॉक्टरांनी?"

"तुमची चकती चिकटवली," मी म्हणालो. "मला लाज वाटत होती."

तेव्हा कुठे त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"त्यावर माझ्याकडे औषध नाही," ते म्हणाले. "त्यांच्याकडेच जा."