बिअरच्या टोपातला चहा

माझ्या नवऱ्याला बिअर पिण्यापेक्षा ती बनवण्याचं वेड जास्त. आता आखातात, अल खोरमध्ये राहून असलं वेड बाळगायचं म्हणजे उपासाच्या दिवशी मिसळीची पाककृती वाचत बसण्यासारखं. इथे घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. पकडले गेलो तर नोकरी जाईल आणि वर थेट विमानात बसवतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सगळा बेत नाशिकचा. निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणात जव भिजवायचे, त्यांचं पाणी उकळायचं, मग ते आंबवायचं. तिथला कायदा काय म्हणतो, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ते तिकडे गेल्यावर बघू."

इथे नुसती तयारी चालली होती, आणि तीही पहिल्याच पायरीवर अडली होती. उकळायचं कशावर? गॅसवर की विजेवर?

नवऱ्याची सगळी नोकरी गॅसच्या प्लांटमध्ये गेली, त्यामुळे त्याची निष्ठा ठरलेली. शेजारच्या व्हिलातले भाऊजी पुण्याचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर आणि या बेतातले भागीदार. त्यांचीही निष्ठा ठरलेली. दर शुक्रवारी दोघं आमच्या सोफ्यावर बसून भांडायचे.

"नाशिकला ऐन उकळीत लाइट गेली तर तुझे जव काय करणार? भजन?" नवरा विचारायचा.

"आणि तुझा सिलेंडर संपला तर?" भाऊजी म्हणायचे. "माझं कसं, तापमानाचा आकडा लावला की तिथेच थांबतं. तू मात्र नॉब पिळत बसशील, म्हातारपणी."

"जाळ दिसला पाहिजे रे. जाळ दिसल्याशिवाय काही शिजतंय असं वाटतच नाही."

"वहिनी, आता तुम्हीच सांगा याला."

"चुलीवर करा," मी सांगायचे. "बिअर नाही जमली तर निदान वांगी भाजून निघतील."

शेजारीणबाई आणि मी या भांडणाला वैतागलो होतो असं कोणी समजू नये. आम्हाला भारी मजा यायची. आम्ही काड्याही घालायचो. ती आमच्याकडे येऊन म्हणायची, "आमचे म्हणत होते, गॅसवाले लोक अजून आदिमानवाच्या काळात आहेत." मी त्यांच्याकडे जाऊन सांगायचे, "आमचे म्हणाले, हीटर आंघोळीसाठी असतो." यातलं एकही वाक्य कोणी म्हटलेलं नसायचं. पण पुढचा शुक्रवार रंगायचा.

शेवटी थंडी पडल्यावर दोघांनी ठरवलं, शर्यत लावायची. आमच्या मागच्या अंगणात दोन सारखे टोप, दोन्हींत सारखं पाणी. ज्याचं आधी उकळेल तो जिंकला. पाणी उकळायला तर कुठलाच कायदा आड येत नाही. नवऱ्याने बिर्याणीवाल्यांकडे असतो तसला मोठा बर्नर आणला. भाऊजींनी जाडजूड हीटिंग रॉड टोपात सोडला आणि त्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत नेली. दोघांच्याही टोपांना, पुढे बिअरसाठी म्हणून, खाली तोट्या होत्या, तोट्यांना नळ्या होत्या. आम्ही दोघी खुर्च्या टाकून मटार सोलत बसलो.

यल्ला, म्हणजे चला, म्हणून सुरुवात झाली आणि उत्तरेकडून वारा सुटला. बर्नरचा जाळ आडवा झाला. नवरा माझा केकचा ट्रे ढालीसारखा धरून उकिडवा बसला. भाऊजी हाताची घडी घालून उभे. एवढ्यात आमच्या घरातले सगळे दिवे गेले आणि रॉडही गार पडला. फ्यूज-बोर्डाकडे धावताना भाऊजींची चप्पल नळीत अडकली. माझ्या लेकीने वरच्या खिडकीतून खाली पाहिलं. "आई, इट्स जस्ट हॉट वॉटर," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळाने पुन्हा दोन्हीकडून वाफा निघू लागल्या, तोच मागचं फाटक वाजलं. आमच्या कंपाउंडचा, म्हणजे या व्हिलांच्या वसाहतीचा, नेपाळी वॉचमन आत आला. कुणीतरी त्याला वाफा आणि नळ्या दिसल्याचं कळवलं होतं. त्याने टोपांकडे पाहिलं, तोट्यांकडे पाहिलं.

"साब, ये क्या बन रहा है?"

नुसतं पाणी आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मनात बिअर असलेल्या माणसाच्या तोंडून खरंसुद्धा निघत नाही. नवरा ट्रे पाठीमागे लपवून म्हणाला, "कुछ नहीं." जगात याच्याइतकं संशयास्पद उत्तर दुसरं नसेल. भाऊजी तर आकाशाकडे पाहू लागले.

"चाय!" मीच म्हणाले. "पूरे कंपाउंड के लिए. आप भी आना."

वॉचमनचा चेहरा उजळला. "कब, मॅडम?"

"अभी."

तो अरबीत शुक्रन म्हणत आभार मानून गेला आणि त्याने फारच मन लावून निरोप पोचवला. आम्ही टोपांतलं निम्मं पाणी झाडांसाठी काढून दोन्ही घरांतल्या दुधाच्या टिनांवर तुटून पडलो, तोवर फाटकापाशी लोक आपापले कप घेऊन हजर. साखर, आलं, वेलदोडे, हाताला लागेल ते दोन्ही टोपांत गेलं. गॅसवरचा चहा क्षणात उतू गेला, जाळ विझला आणि नवऱ्याचे पायमोजे गोड झाले. विजेच्या टोपात दूध रॉडला लागलं आणि करपल्याचा वास सुटला. शेजारीणबाई हसून हसून मटारांत कलंडली.

समोरच्या व्हिलातले इजिप्शियन आजोबा स्वतःचा काचेचा ग्लास घेऊन आले होते. त्यांनी गॅसचा चहा घेतला, बरा आहे अशी मान हलवली. मग विजेचा घेतला, डोळे मिटले, आणि पुन्हा ग्लास पुढे केला. यात मसाला कुठला घातलाय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सिक्रेट," भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

"करपलाय तो!" नवरा मराठीत फणफणला. पण लोकांनी करपलेलाच टोप आधी संपवला.

दोन दिवसांनी कंपाउंडच्या ऑफिसातून निरोप आला: चहा उत्तम होता, मात्र अंगणात यापुढे जाळ पेटवू नये. नवरा बर्नर उचलून माळ्यावर ठेवायला गेला. भाऊजी विजयी व्हायला हवे होते, पण ते गच्चीत रॉड घासत बसले होते. जळकं दूध काही केल्या निघेना. बायकोने मदतीला साफ नकार दिला होता. घासता घासता त्यांच्या डोक्यात आलं, दुधाचं हे असं, तर जवाच्या गोड पाण्याचं काय होईल?

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. "वहिनी, तो आहे का? नाही, सहज. तो बर्नर कुठून घेतला, विचारायचं होतं."

नवरा आतल्या खोलीत होता. लॅपटॉपवर हीटिंग रॉड बघत.

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा त्याच सोफ्यावर बसले. आता भाऊजी जाळाचे गुण गात होते आणि नवरा विजेचे. आवाज तितकेच चढे, एकमेकांची जुनी वाक्यंसुद्धा जशीच्या तशी उचललेली. शेजारीणबाईने स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "आता कुणाकडे जाऊन काय सांगायचं गं?"

"तू आधी जा," मी म्हटलं. "मी कढई उतरवून येते."